सशाची मान अचानक वाकडी झाली आहे. कानाचा संसर्ग की आणखी काही?

पायमोजा

आमचा ठिपक्या, साडेचार वर्षांचा, पडलेल्या कानांचा लॉप. गेला आठवडाभर डावा कान मागच्या पायाने खाजवत होता, मधूनच डोकं झटकायचा. खाणंपिणं व्यवस्थित होतं. आज सकाळी पाहिलं तर मान डावीकडे पूर्ण कललेली, डोळे आडवे थरथरतायत, आणि चालायला गेला की डावीकडेच कलंडतो. घाबरला की गोल गोल लोळत जातो, भिंतीला आपटेपर्यंत थांबत नाही.

तातडीने व्हेटकडे नेलं. कानात दुर्बिणीने पाहिलं, आत दाट पांढरट पू आहे म्हणाल्या. अँटिबायोटिक आणि दुखणं-सूज कमी करायला मेलोक्सिकॅम दिलंय. ‘आतल्या कानापर्यंत संसर्ग गेला असावा, पण एका परजीवीमुळेही अगदी असंच होतं’ असं सांगून रक्तही घेतलंय. अहवाल यायचा आहे.

माझे प्रश्न: लोळायला लागला की मी काय करायचं? धरायचं की सोडायचं? आडवा पडलेल्या सशाला भरवायचं कसं? आणि मान पुन्हा सरळ होते का? घरातले वडीलधारे म्हणतायत, आता त्याचे हाल करू नका. त्यावर काय बोलावं तेच कळत नाहीये.

---

रिकामटेकडा

अरेरे. वाचूनच कसंतरी झालं. लवकर बरा होवो.

आमच्याकडे कान दुखला की कोमट तेलाचे दोन थेंब टाकतात. सशाला चालेल का?

---

वाळलेलं_गवत

तेल नको. कुठलंच नको. कारण खाली कुणीतरी जाणकार सांगतीलच, मी आधी पायमोजाताईंच्या प्रश्नांकडे वळतो, कारण पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे आहेत.

माझ्याकडे वाकड्या मानेचे दोन ससे झाले. एकाला कानाचा संसर्ग, दुसरीला तो परजीवी. दोघांची शुश्रूषा घरी जवळजवळ सारखीच करावी लागली, म्हणून अहवालाची वाट न बघता हे सुरू करा.

सगळ्यात आधी पोट. मानेकडे बघून आपला जीव वरखाली होतो, पण या आजारात ससे दगावतात ते बऱ्याचदा खाणं थांबल्यामुळे. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर ते मंदावतं, गॅस धरतो, आणि मग मूळ दुखणं बाजूला राहून ती नवी आणीबाणी होते. ठिपक्याला चक्कर येतेय, म्हणजे मळमळतही असणार. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे ते आपल्याला कळत नाही इतकंच. तोंडासमोर धरलेलं खातोय का बघा. बऱ्याच सशांना भूक असते, फक्त वाडग्यापर्यंत तोंड नेता येत नाही. सुकं गवत मूठभर हातात धरून थेट ओठांशी न्या. हिरवा पाला धुऊन, पाणी न झटकता द्या, तेवढंच पाणी पोटात जातं. बाटलीची नळी आता त्याला सापडणार नाही. जड, बसकं, न कलंडणारं वाडगं ठेवा, पण पाणी उथळ असू द्या. तोल जाऊन नाक बुडायला नको.

स्वतःहून पुरेसं खात नसेल तर सिरिंजने भरवणं आलं. त्यासाठी तंतुमय भुकटी मिळते ती उत्तम, नाहीतर रोजचे पेलेट कोमट पाण्यात भिजवून, घोटून पातळ करा. प्रमाण वजनावर ठरतं, ते व्हेटकडून घ्या. ढोबळमानाने दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. बसवायचं कसं: टॉवेलात गुंडाळून, पोटावर, मांडीशी टेकवून. पाठीवर उताणं कधीही करायचं नाही. कललेली मान ओढून सरळ करायची नाही, ती जशी आहे तशीच राहू द्या. सिरिंजचं टोक समोरच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून बाजूने आत, एका वेळी अर्धा ते एक मिलि. चघळून गिळला की पुढचं. घाई केलीत तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. तोंडातून बाहेर सांडलं तर सांडू द्या.

लेंड्या रोज बघा. संख्या, आकार दोन्ही. बारीक, वेड्यावाकड्या किंवा कमी झाल्या की तो पहिला इशारा. आणि वजन. घरात छोटा काटा असेल तर रोज त्याच वेळी वजन करून लिहून ठेवा. दोन किलोच्या सशाचं शंभर-दीडशे ग्रॅम कमी झालेलं हाताला कळत नाही, काट्याला कळतं.

लोळण्याबद्दल. लोळतो तेव्हा तो घाबरलेला असतो, त्याला जमीन नेमकी कुठे आहे हेच कळत नसतं. हवेत उचललंत तर अजून घाबरेल. दोन्ही तळहात अंगाच्या दोन बाजूंना ठेवून जमिनीशी हलकं दाबून धरा, त्याला आधार लागू द्या, एखादं मिनिट. बोलत राहा. शांत झाला की सोडा. पिंजरा मोठा नकोच सध्या. छोटी जागा, चारही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल नाहीतर उशा, खाली न घसरणारी मॅट आणि त्यावर ओल खाली शोषून घेणारी जाड चादर. गुळगुळीत फरशीवर तो कधीच उभा राहू शकणार नाही. टॉवेलच्या वळकट्या अशा लावा की कललेल्या बाजूला त्याला टेकून बसता येईल. आवाज कमी, उजेड मंद पण संपूर्ण अंधार नको. आतल्या कानाचा तोल बिघडला की ससा डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो. अंधारात तोही आधार जातो.

उचलणं टाळता आलं तर टाळा. उचलायचंच झालं तर कललेली बाजू तुमच्या छातीशी घट्ट लावून, मागचे पाय हातात घेऊन.

मग डोळा. खालच्या बाजूचा डोळा चादरीवर घासतो, उघडाच राहतो, कोरडा पडतो. त्याला जखम झाली की दुखण्यात भर. व्हेटला विचारून वंगणाचे थेंब किंवा जेल घ्या आणि दिवसातून अनेकदा घाला. गवताची कुसळं त्या बाजूला साचू देऊ नका.

शेवटी बूड. ससा मऊ लेंड्या थेट गुदाशी तोंड नेऊन खातो. आता तोंड तिथवर पोचत नाही, म्हणून त्या केसांना चिकटतात, लघवीनेही भिजतो. कातडी लाल होते, आणि उबदार हवेत माश्या अंडी घालतात, त्यातून अळ्या पडतात. हे फार वेगाने होतं, काही तासांत. रोज दोनदा उलटून न पाडता, एका कुशीवर करून बघा, ओल्या कापडाने पुसा, कोरडं करा. पूर्ण आंघोळ घालू नका. मऊ लेंडी ताजी सापडली तर त्याच्या तोंडाशी धरा, खाईल.

मान सरळ होण्याबद्दल नंतर लिहितो, ते इतक्या पटकन सांगण्यासारखं नाही.

---

पायमोजा

खूप खूप धन्यवाद. टॉवेलच्या वळकट्या लावल्या. त्याच्या डाव्या अंगाला टेकून शांत बसलाय चक्क. हातातून पाला खाल्ला. भुकटी उद्या येईल, तोवर पेलेट भिजवून देते.

---

दूर्वांकुर

मी पशुवैद्य आहे, छोट्या प्राण्यांत काम करतो. प्राणी समोर नसताना डोस सांगणार नाही, कृपया विचारू नका. पण कारणांबद्दल थोडं लिहितो.

वाकडी मान हे लक्षण आहे, रोगाचं नाव नाही. घरातल्या सशांमध्ये दोन कारणं सर्वांत जास्त दिसतात: मधल्या आणि आतल्या कानाचा जिवाणूसंसर्ग, आणि एन्सेफॅलिटोझून कुनिक्युली हा सूक्ष्म परजीवी, जो मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्याच्या भिंगावर हल्ला करतो. त्यानंतर डोक्याला मार, गाठ, मेंदूतलं गळू वगैरे.

लॉप सशांत कानाचा संसर्ग जास्त दिसतो. कान खाली पडल्यामुळे कानाची नळी मुळाशी दुमडते, मळ बाहेर यायला वाटच राहत नाही. शिवाय नाकातला संसर्गही घशाला जोडणाऱ्या नळीतून मधल्या कानात चढतो. जुनाट शिंका, नाक वाहणं असा इतिहास असेल तर तो व्हेटला आवर्जून सांगा. जिवाणू म्हणाल तर पाश्चुरेला, स्टॅफिलोकॉकस, बोर्डेटेला, कधी स्यूडोमोनास.

सशाचा पू हा मूळ त्रास आहे. कुत्र्या-मांजरासारखा तो पातळ नसतो, टूथपेस्टइतका घट्ट असतो. आपोआप वाहून जात नाही, आणि औषध त्याच्या आत शिरत नाही. म्हणून सशाच्या कानाचा उपचार आठवड्याभराचा नसतो. चार ते सहा आठवडे ही सुरुवात समजा, कित्येकदा त्याहून लांबतो. स्वॅब घेऊन कल्चर केलं, म्हणजे पुवातले जिवाणू वाढवून तपासले, तर कोणतं अँटिबायोटिक चालेल हे अंदाजाऐवजी कळतं. कानाच्या पडद्यामागे मधल्या कानाची जी हाडाची पोकळी असते, टिंपॅनिक बुला, तिच्यात पू भरलाय का हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी कवटीचा एक्स-रे, आणि शक्य असेल तर सीटी. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे बुला स्वच्छ आहे असं नाही, सीटीत सापडतं ते एक्स-रेत निसटू शकतं.

आता रिकामटेकडांच्या तेलाबद्दल. पू एवढा असेल तर कानाचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता बरीच असते. फाटक्या पडद्यातून तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, क्लोरहेक्सिडीन, जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब, काहीही आत गेलं तर आतला कान आणखी बिघडतो. आधी सरळ असलेली मान कान धुतल्यावर वाकडी झालेले ससे मी पाहिलेत. कापसाच्या काड्या तर अजिबात नकोत, त्या मळ खाली ठासतात.

आणि स्टेरॉइड. कुत्र्यांच्या कानाच्या बऱ्याच थेंबांत ते असतं. सशाचं शरीर स्टेरॉइडला फार संवेदनशील आहे, प्रतिकारशक्ती दबते, आणि इथे तर संसर्गाशीच झुंज आहे. सूज आणि वेदनेसाठी मेलोक्सिकॅम दिलंय ते योग्यच.

---

रिकामटेकडा

तेल मागे घेतलं. :)

पण मग घरात मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप असतं, व्हेट मिळेपर्यंत तेवढं थोडं देता येईल ना? तेही अँटिबायोटिकच आहे.

---

दूर्वांकुर

नाही. हे ठासून सांगतोय कारण हा धागा पुढे कुणीतरी रात्री दोन वाजता शोधून वाचणार आहे.

अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन, सेफॅलेक्सिन यांतलं काहीही सशाच्या तोंडातून जाऊ नये. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम माजतो, त्याचं विष रक्तात उतरतं आणि ससा जुलाब होऊन दोन-चार दिवसांत जाऊ शकतो. पेनिसिलिनची काही इंजेक्शनं सशांना कातडीखाली देतात, कानाच्या आणि जबड्याच्या गळवांत ती कामालाही येतात, पण तोंडावाटे नाही. सशाला सहसा चालणारी म्हणजे एन्रोफ्लॉक्सासिन, मार्बोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा. क्लोरॅम्फेनिकॉलही कधी देतात, ते माणसाने हातमोजे घालूनच हाताळायचं.

---

निशाचर

माझी सशीण अशाच आजारात गेली. त्यामुळे मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

सगळे धीर देतात, ते ठीक. पण ती रोज लोळायची, रोज भरवावं लागायचं, एका डोळ्याला व्रण झाला, शेवटी दोन्ही पायांत बळ राहिलं नाही. तेव्हा तिला शांतपणे जाऊ देण्याचा निर्णय घेतला आणि तो मला आजही योग्य वाटतो. घरातले वडीलधारे ‘हाल करू नका’ म्हणतात ते नेहमीच अज्ञानातून म्हणत नाहीत.

---

वाळलेलं_गवत

निशाचर, राग कसला. तुमचा निर्णय तुम्ही तिला समोर बघून घेतलात.

माझा मुद्दा फक्त वेळेचा आहे. पहिले काही दिवस सर्वांत भयानक दिसतात. डोळे थरथरतायत, ससा लोळतोय, उभा राहू शकत नाही. नेमका तेव्हाच लोक निर्णय घेतात. पण याच काळात मेंदू बिघडलेल्या तोलाशी जुळवून घ्यायला सुरुवात करत असतो. बऱ्याच सशांत डोळ्यांची थरथर आधी कमी होते, मग लोळणं थांबतं, मग कललेल्या मानेने का होईना स्वतः गवतापर्यंत जातात. मानेचा कोन शेवटी सुधारतो, आणि काहींचा कधीच पूर्ण सुधारत नाही.

म्हणून कोन मोजत बसू नका. माझी परजीवीवाली सशीण आजही जगाकडे तिरकंच बघते. खाते, दुसऱ्या सशाशी भांडते, माझ्या चपला कुरतडते. तिला सरळ मानेची गरज असल्याचं तिच्या वागण्यातून तरी जाणवत नाही, गरज मला होती.

मी बघतो ते हे: खायची इच्छा आहे का, समोर अन्न आलं की नाक हलतं का, दुखणं औषधाने आटोक्यात येतंय का, लोळण्याच्या मधल्या वेळात शांत बसतो का, आणि आठवड्यामागे काही तरी पुढे सरकतंय का. यातलं काहीच नसेल, मूत्रपिंडं निकामी होत असतील, किंवा वेदना थांबतच नसतील, तर निशाचर यांचं म्हणणं मी शब्दशः मान्य करेन. फक्त ते पहिल्या रात्री ठरवू नये.

---

निशाचर

हे मान्य. आम्ही वेळ दिला होता, पण तुम्ही लिहिलंय ते सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर ते दिवस थोडे कमी घाबरत गेले असते.

---

कानकोंडा

अवांतर आहे, पण राहवत नाही. हा एन्सेफॅलिटोझून प्रकार भन्नाट आहे. १९२२ साली राइट आणि क्रेगहेड यांनी अंगातलं बळ गेलेल्या सशाच्या पिल्लांमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला, पुढच्याच वर्षी लेव्हादिती आणि सहकाऱ्यांनी त्याला हे नाव दिलं. तेव्हापासून बराच काळ तो एकपेशीय प्राणी समजला जायचा. आता त्याला बुरशीच्या गोतावळ्यात घालतात. पेशीत घुसायची तऱ्हा तर अशी की बीजाणूच्या आत एक गुंडाळलेली नळी असते, ती झटक्यात बाहेर उलटते, समोरच्या पेशीत शिरते आणि तिच्यातून परजीवी आत ओतला जातो.

लघवीतून बीजाणू बाहेर पडतात, दुसरा ससा ते अन्नातून गिळतो. आईकडून पिल्लाला पोटातच मिळणंही आहेच. कित्येक ससे तो आयुष्यभर अंगात घेऊन काहीच न होता जगतात.

---

पायमोजा

कानकोंडा, रात्री झोप येणार नाही आता. :(

अपडेट: रक्ताचा अहवाल आला, एन्सेफॅलिटोझूनची प्रतिपिंडं आहेत. म्हणजे कानाचं नसून हेच आहे का? कानात पू तर डोळ्यांनी दिसला होता.

खाणं: हातातून पाला आणि गवत खातो, भुकटी सिरिंजने. वजन किंचित कमी झालंय पण लेंड्या आहेत. थरथर अजून आहे.

---

दूर्वांकुर

प्रतिपिंडं असणं म्हणजे कधीतरी संपर्क आला एवढंच. कानकोंडांनी शेवटी लिहिलंय तेच: पुष्कळ निरोगी सशांत ती सापडतात. अहवाल पूर्ण नकारात्मक आला असता तर परजीवीची शक्यता बरीच मागे पडली असती. सकारात्मक आल्याने ती सिद्ध होत नाही. आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

बारीक खुणा असतात. कान खाजवण्याचा इतिहास, कानात पू, त्याच बाजूला चेहरा ढिला पडणं, ओठ लोंबणं, पापणी न मिटणं, हे कानाकडे बोट दाखवतं, कारण चेहऱ्याची नस मधल्या कानाजवळून जाते. डोळ्यांची थरथर वरखाली असेल, मागच्या पायांत बळ नसेल, झटके येत असतील, भिंगात पांढरा ठिपका असेल, तर मेंदू किंवा परजीवीकडे. ठिपक्याची थरथर आडवी आहे आणि कानात पू आहे, त्यामुळे माझं मन कानाकडे झुकतं. पण मी त्याला तपासलेलं नाही.

अशा ठिकाणी बरेच व्हेट दोन्ही उपचार एकत्र सुरू करतात. परजीवीसाठी फेनबेंडाझोल, हे जंताचंच औषध, सलग २८ दिवस. एक सावधगिरी: काही सशांत ते अस्थिमज्जा दाबतं, रक्तपेशी घटतात. म्हणून मधे रक्त तपासून घ्यावं, आणि ससा अचानक मलूल झाला तर औषध चालू ठेवायचं का ते त्याच दिवशी विचारावं. मी स्वतः निव्वळ ‘दिलं तर बिघडतंय काय’ या न्यायाने ते देत नाही, पण तुमच्या व्हेटनी दिलं तर कारण समजण्यासारखं आहे.

लोळणं फारच असेल तर चक्कर आणि मळमळ कमी करणारं मेक्लिझीन, किंवा थोडी गुंगी आणणारं औषध देता येतं. सहन करत बसू नका, विचारा. सीटीसाठी भूल द्यायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा: सशाला भुलेआधी रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. कुणी तसं सांगितलं तर पुन्हा विचारून घ्या.

---

मांडीवरचा_ससा

धाग्याची खूण साठवली.

मला दुसरा ससा आहे, दोघांची जोडी आहे. वाकडी मान झालेल्याला वेगळं ठेवायचं का? आणि माणसांना हा परजीवी लागतो का?

---

वाळलेलं_गवत

माझा अनुभव: जोडी तोडू नका. माझ्या सशिणीला तिचा जोडीदार चक्क टेकू देऊन बसायचा, कान चाटायचा, डोळा स्वच्छ करायचा. तुडवत असेल, चढत असेल किंवा तिचं अन्न पळवत असेल तरच मधे जाळी, पण एकमेकांना दिसतील अशी. फार दिवस पूर्ण वेगळं ठेवलं की पुन्हा जुळवणं हा वेगळाच उद्योग होतो.

---

दूर्वांकुर

वैद्यकीय बाजूने: एकत्र राहणाऱ्या सशाचा संपर्क बहुधा आधीच झालेला असतो, आणि लक्षणं दिसेपर्यंत बीजाणू टाकण्याचा काळ बहुधा सरलेला असतो. तरी लघवीचा ट्रे रोज साफ, अन्न ट्रेपासून दूर. उकळतं पाणी किंवा पातळ ब्लीच चालतं, वाळू द्या मग ससा आत सोडा.

माणसांत धोका मुख्यतः ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे त्यांना, म्हणजे अवयवरोपण, केमोथेरपी, नियंत्रणात नसलेला एचआयव्ही. अशा व्यक्तीने ट्रे साफ करू नये. बाकीच्यांनी हात धुवावेत.

---

पायमोजा

अपडेट. थरथर जवळजवळ थांबली! लोळणं फक्त उचलायला गेलं तर. काल स्वतः उठून, झोकांड्या खात, वाडग्यापर्यंत गेला. मान अजून तशीच, अंदाजे काटकोनाच्या अर्धी. सीटी झालं: डाव्या बुलात पू, उजवी बाजू स्वच्छ. कल्चरचा अहवाल आला आणि अँटिबायोटिक बदललं. नवं औषध कडू असावं, सिरिंज दिसली की तोंड घट्ट मिटतो. फेनबेंडाझोलही चालू आहे.

व्हेट म्हणतात, औषधाने पू हटला नाही तर शस्त्रक्रिया. कुणी केली आहे का?

---

कानकोंडा

कडू औषधाला: कुस्करलेल्या केळ्यात कालवा, अगदी नखाएवढ्या. आधी नुसतं केळं सिरिंजने दोनदा द्या, मग औषधवालं, मग परत नुसतं. सिरिंजशी वैर राहत नाही. साखर असल्यामुळे जास्त मात्र नको. आणि व्हेटला विचारा की त्याच औषधाचं चवीचं मिश्रण मिळतं का.

---

वाळलेलं_गवत

माझ्या कानवाल्या सशाची झाली होती. कानाची नळी उघडून किंवा काढून, बुलाला बाजूने खिडकी करून, आतला घट्ट पू खरवडून काढतात. मोठी शस्त्रक्रिया आहे, सशांची सवय असलेल्या सर्जनकडेच करावी. त्याला नंतर त्या कानाने फारसं ऐकू येत नसावं. चेहऱ्याची नस दुखावली गेली, त्या बाजूची पापणी काही काळ मिटत नव्हती, डोळ्याचे थेंब बराच काळ चालले. मान पूर्वीपेक्षा सरळ झाली पण पूर्ण नाही. शस्त्रक्रियेचा हेतू मान सरळ करणं नव्हताच, वेदनेचं मूळ काढणं होता. दोन आठवड्यांनी तो जसा जबडा घासून चावायला लागला, ते पाहून कळलं की आधी चावतानाही त्याला दुखत होतं.

---

मांडीवरचा_ससा

माझे दोन्ही लॉप आहेत. असं होऊ नये म्हणून घरी काय बघायचं?

---

दूर्वांकुर

आठवड्यातून एकदा कान उचला, वास घ्या. आंबूस किंवा कुजकट वास, एका बाजूला जास्त मळ, कानाच्या मुळाशी बोटाला लागणारी मऊ गाठ, दाबल्यावर ससा मान ओढून घेतो का, एवढं बघा. लॉपमध्ये ती मुळाशी फुगणारी गाठ बऱ्याचदा पहिली खूण असते. हात घालून काही काढू नका, दाखवा. वर्षातून एकदा कानात दुर्बिणीने बघून घ्या, दात बघतील तेव्हाच.

कानात तपकिरी, पापुद्र्यांसारख्या जाड खपल्या असतील तर तो बहुधा कानातला खरजेचा किडा, सोरॉप्टीस. खपल्या उपटू नका, खाली कातडी सोललेली असते आणि प्रचंड दुखतं. आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिनने किडे मेले की खपल्या आपोआप गळतात. आणि कुत्र्यांचं फिप्रोनिल असलेलं पिसवांचं औषध सशाला कधीही लावू नका, ते त्याच्यासाठी विषारी आहे.

---

पायमोजा

आता बराच फरक आहे. हाताने भरवणं बंद, वजन परत पूर्वीएवढं झालं. एक शेवटचं विचारायचंय. २८ दिवस संपत आलेत, फेनबेंडाझोल थांबेल. अँटिबायोटिकही त्याच दिवशी बंद करायचं का? तो इतका चांगला दिसतोय की आता औषध देणं उगाच वाटतं.

---

दूर्वांकुर

नाही. दोन्हींची मुदत वेगळी आहे. २८ दिवस परजीवीचे. कानाचं अँटिबायोटिक बुलात काय उरलंय ते बघून व्हेट ठरवतील, बहुतेक पुन्हा सीटी नाहीतर एक्स-रे काढायला सांगतील. बाहेरून बरा दिसणारा ससा आणि आत उरलेला पू हे सर्रास दिसतं, आणि औषध मधेच तोडलं की उरलेले जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. मेलोक्सिकॅमही स्वतःहून बंद करू नका. आणि फेनबेंडाझोल संपताना एकदा रक्तपेशी मोजून घ्या.

---

पायमोजा

ठीक, मग रक्त आणि सीटी दोन्हीची वेळ एकत्रच मागून घेते. उपाशी न ठेवता. :)